त्र्याऐंशी नापास जोड्या

कारखान्यात तिला सगळे शून्यबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. मोजणीच्या खोलीचा कारभार तिच्या हाती होता. कुठलंही माप घेण्याआधी मीटर शून्यावर आणल्याशिवाय ती पुढे पाऊल टाकत नसे. साहेब दारात उभे असोत, फोन वाजत असो, आधी शून्य. घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवण्याआधीसुद्धा ती वाकून काटा शून्यावर आहे ना ते बघते, असं कँटीनमध्ये कुणीतरी उठवून दिलं होतं. ते खरंच होतं.

खोली लहान, बिनखिडकीची. वर्षभर तेवीस अंशांवर ठेवलेली, त्यामुळे खुर्चीच्या पाठीवर बारा महिने स्वेटर. टेबलावर डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटर तसा वायरमनच्या पिशवीतही असतो, पण त्याचं काम बटणात वीज आहे की नाही एवढं सांगून भागतं. हा मीटर व्होल्टचा दहा लाखावा भाग मोजायचा. भिंतीवरच्या घड्याळात दीड व्होल्टचा सेल असतो ना, त्या दीड व्होल्टचे पंधरा लाख सारखे तुकडे करा आणि त्यातला एक उचला. तो एक मायक्रोव्होल्ट. इतकं बारीक मोजायचं म्हणजे आकडा फार हळवा असतो. सकाळी मीटर चालू करून दोन तास त्याला तसाच तापू द्यायचा, मोजताना टेबलाला टेकायचं नाही, मोबाइल बाहेर ठेवायचा, पंखा लावायचा नाही. शून्यबाई हे सगळं डोळ्यांत तेल घालून पाळायची आणि दुसऱ्यांकडूनही पाळून घ्यायची. साहजिकच तिच्या खोलीत गप्पा मारायला कुणी फिरकत नसे.

अपवाद एकच, झाळकाका. एकतीस वर्षं त्यांनी या कारखान्यात झाळकाम केलेलं. सुईसारख्या बारीक ज्योतीवर दोन धातूंच्या तारा सांधायच्या, हेच त्यांचं काम. आपला माल ते स्वतःच्या हाताने मोजणीच्या खोलीत आणून द्यायचे आणि दारातूनच विचारायचे, "आलं का शून्य?" ती न वळता म्हणायची, "येतंय." एवढाच त्यांचा संवाद, पण त्यावर दोघांचा दिवस बरा जायचा.

काकांचा माल म्हणजे तारांची जोडी. मधे राखाडी मिश्रधातूची तार, आणि तिच्या दोन्ही टोकांना तांब्याची एकेक लांब तार सांधलेली. दोन वेगळे धातू जिथे भेटतात तिथे ऊब लागली की इवलीशी वीज उपजते. दोन्ही सांध्यांना सारखीच ऊब असेल तर एकाची वीज दुसऱ्याच्या विजेला खाऊन टाकते आणि हाती शून्य येतं. ऊब कमीजास्त असेल तर फरकापुरता आकडा दिसतो. अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या उबदार पेटीत ठेवतात, तिथे ही जोडी बसते आणि पेटीच्या दोन कडांची ऊब सारखी आहे ना, यावर लक्ष ठेवते. झाळताना ज्योत केसभर जास्त लागली तर तारेचा धातू बिघडतो आणि जोडी खोटं बोलायला लागते. म्हणून मोजणीच्या खोलीत दोन्ही सांधे सदतीस अंशांच्या तेलात एकत्र बुडवून बघायचे. आकडा शून्याच्या अलीकडे-पलीकडे दोन मायक्रोव्होल्टच्या आत आला तर पास. बाहेर गेला तर नापास.

आणि नापास झालेली जोडी ज्याने केली त्यानेच कापायची, असा कारखान्याचा दंडक होता. फार पूर्वी एकदा नापास माल चुकून पास मालात मिसळला होता, तेव्हापासून. करणाऱ्याने आपल्या टेबलाशी बसायचं, पक्कड घ्यायची, तांब्याच्या तारा सांध्यापासून वीतभर अंतरावर कापायच्या, तुकडे पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि नापासाच्या कागदावर सही करायची. काकांना वर्षाकाठी अशा तीन-चार जोड्या कापाव्या लागत. कापताना ते प्रत्येकीला दोन शब्द सुनावायचे, आणि आजूबाजूचे हसायचे.

गेल्या महिन्यात त्यांची बेचाळीस जोड्यांची अख्खी खेप नापास झाली.

शून्यबाईचा स्वतःवर विश्वास बसेना. तिने मीटर पुन्हा शून्यावर आणून सगळी खेप दुसऱ्या दिवशी परत मोजली. आकडे तेच. उणे पाच, उणे साडेपाच, उणे चार. काकांना सांगताना तिने कागद पुढे केला आणि आपण शाईच्या बाटलीकडे बघत राहिली. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग बेचाळीस जोड्या उचलून आपल्या टेबलाशी नेल्या आणि एकेक कापली. त्या दिवशी त्यांनी कुठल्याच जोडीला काही सुनावलं नाही, आणि हसायलाही कुणाला सुचलं नाही.

काकांनी नवा चष्मा केला. ज्योतीचा नळ बदलला, तार नव्या रिळाची घेतली. एरवी दिवसाला आठ जोड्या करणारा माणूस चारच करायला लागला. दुसरी खेप एकेचाळीसची होती. तीही नापास झाली, एकूण एक. या वेळी नापासाच्या कागदावर सही करताना त्यांचं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. ते शून्यबाईने पाहिलं. तिने पाहिलं हे काकांनी पाहिलं. त्यांनी उजवा हात खिशात घातला तो घातलाच. त्यानंतर कँटीनमध्ये चहासुद्धा ते डाव्या हाताने घेताना दिसायचे.

मग सोमवारी त्यांनी साहेबांना चिठ्ठी दिली. शनिवारपासून येणार नाही, हाताचा भरवसा राहिला नाही, मालात खोट जाऊन एखाद्या बाळाच्या जिवाशी खेळ व्हायला नको. तिसरी खेप तेवढी पंचेचाळीसची तयार आहे, ती मोजून घ्या. साहेबांनी दोनदा विचारलं, पण काकांनी मान हलवली. त्यांच्या जागी कुणाला आणायचं याची बोलणी सुरू झाली. तिसरी खेप शून्यबाईने बुधवारी मोजली. तीही नापास. काकांनी दारातून "आलं का शून्य" असं विचारलंच नाही. त्यांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली, आणि ते खेप उचलून घेऊन गेले. कापायला उद्या बसतो म्हणाले.

त्या संध्याकाळी शून्यबाई घरी गेली तीच उतरलेल्या चेहऱ्याने. घरी नवऱ्याला ताप होता. तो पलंगावर पडून होता आणि सासूबाई उशाशी थर्मामीटर घेऊन बसल्या होत्या. पन्नाशीकडे झुकलेल्या लेकाचं अंग तापलं की सासूबाईंच्या लेखी तो पाच वर्षांचा व्हायचा. त्यांनी थर्मामीटर डाव्या काखेत लावला, बघितला, झटकला आणि उजव्या काखेत लावला.

"आई, एकदा बघितलात ना," ती म्हणाली.

"एका काखेचं ऐकून मी औषध देत नाही," सासूबाई म्हणाल्या. "हा या कुशीवर झोपला होता, तिकडची काख तापलेली असणार. दोन्हीकडचं बघावं."

नवरा म्हणाला, लहानपणापासून याच कारणाने माझा ताप दुप्पट वेळ चालतो. सासूबाईंनी त्याला गप्प पडून राहायला सांगितलं. शून्यबाई हसली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापत ठेवलं. पाणी उकळून अर्धं आटलं तरी तिला भान नव्हतं.

तिला जुन्या बाई आठवल्या. तिच्या आधी मोजणीची खोली त्यांच्याकडे होती, आणि हे काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. त्या प्रत्येक जोडी दोनदा मोजायला लावायच्या. एकदा सरळ, मग जोडीच्या तारा मीटरच्या चिमट्यांतून काढून उलट लावायच्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. जोडीची स्वतःची वीज असेल तर उलटल्यावर अधिकचं उणे होतं. वीज वाटेतूनच कुठून शिरलेली असेल तर उलटली तरी ती आहे तशीच राहते. "उलटून घे गं," हे त्यांचं पालुपद. त्यात वेळ दुप्पट जायचा. बाई निवृत्त झाल्या, कामं तुंबायला लागली, साहेबांनी विचारलं की काही आटोपशीर करता येईल का. शून्यबाईने आटोपशीर केलं. सुरुवातीला चिमट्यांत तांब्याची तार धरून मीटर शून्यावर आणायचा, म्हणजे वाटेत जे काही असेल ते वजा झालं, आणि मग प्रत्येक जोडी एकदाच मोजायची. नवी पद्धत तिने स्वच्छ अक्षरात लिहिली, साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आणि तो कागद काचेत बसून खोलीच्या भिंतीवर गेला. खाली तिची सही होती.

तिने गॅस बंद केला. एकाच गोष्टीने तिचं डोकं पोखरायला घेतलं होतं. सगळे आकडे उणे कसे? माणसाचा हात बिघडला तर तो कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. एकशे अठ्ठावीस वेळा एकाच बाजूला आणि जवळजवळ तेवढ्याच मापाने चुकायचं, म्हणजे हात बिघडायचाही फारच शिस्तीत बिघडला म्हणायचा.

गुरुवारी ती रोजच्यापेक्षा दोन तास आधी गेली. मीटर चालू करून तापत ठेवला आणि काकांच्या टेबलावरून तिसऱ्या खेपेतल्या तीन जोड्या आणल्या. काका अजून आले नव्हते. दोन तास ती खुर्चीत हाताची घडी घालून बसली. मग काचेतल्या कागदाबरहुकूम सगळं केलं. काळा चिमटा तांब्याच्या तारेला लावला, लाल चिमटा लावला, शून्याचं बटण दाबलं. पहिली जोडी तेलात बुडवली, पाच मिनिटं थांबली. उणे पाच. आता तिने जोडीच्या तारा काढल्या, उलट लावल्या आणि परत पाच मिनिटं थांबली.

उणे पाच.

जोडी उलटली तरी चिन्ह उलटलं नव्हतं. दुसरी जोडी घेतली. सरळ उणे पाच पूर्णांक दोन, उलट उणे चार पूर्णांक आठ. म्हणजे जोडीची स्वतःची वीज एका मायक्रोव्होल्टच्या पाचव्या हिश्शाइतकी, आणि बाकी सगळी दुसऱ्या कुणाची. तिसरीचंही तेच. जोड्या निर्दोष होत्या. नुसत्या निर्दोष नव्हत्या, इतक्या नेटक्या जोड्या तिने काकांच्याही हातच्या क्वचित पाहिल्या होत्या. नवा चष्मा लावून, दिवसाला चारच करून, जीव ओतून केलेल्या त्या जोड्या होत्या.

मग पाच मायक्रोव्होल्ट आले कुठून, हे शोधायला तिला पाव तास लागला. मीटरमधलं आधीचं शून्य पुसून चिमट्यांत परत तांब्याची तार धरली आणि शून्याचं बटण न दाबता नुसती बघत राहिली. लाल चिमटा सोडल्या सोडल्या आकडा अधिक पाच होता. मिनिटाने चार. तीन मिनिटांनी एक. पाच मिनिटांनी शून्याच्या आसपास. तिने लाल चिमटा बोटांच्या चिमटीत हलकेच धरला. आकडा परत चढायला लागला.

जुने चिमटे शुद्ध तांब्याचे होते, काळवंडलेले, ढिल्या स्प्रिंगचे. गेल्या महिन्यात, काकांची पहिली नापास खेप मोजायच्या थोडंच आधी, तिने नवे मागवले. पितळेवर निकेलचा चकचकीत मुलामा दिलेले, घट्ट बसणारे. देखणे होते, म्हणून तिने पसंत केले होते. तांब्याला तांबं भिडलं तर बोटांच्या उबेने काही होत नाही. तांब्याला निकेल भिडलं की वीज उपजते. ती काळा चिमटा आधी लावायची, लाल नंतर, म्हणजे लाल ताजा गरम. आणि लगेच बटण दाबायची. बोटांची ऊबच ती शून्य म्हणून मीटरच्या डोक्यात भरत होती. पुढे पाच मिनिटांत चिमटे निवायचे, पण मीटर इमानाने ती ऊब प्रत्येक जोडीतून वजा करत राहायचा. इतर मालाचे आकडे हजारांत असल्यामुळे त्यात पाच इकडे की तिकडे कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. काकांच्या जोड्यांना मात्र मुभाच दोनची होती.

आधी शून्य, आधी शून्य, असं जन्मभर म्हणणाऱ्या बाईचं शून्यच खोटं निघालं. तिला रडू आलं आणि ती रडली. मग तोंड धुऊन साहेबांकडे गेली.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा आधी उजळला, मग पडला. चिमटे आजच बदला, तिसरी खेप पास करा, काकांची चिठ्ठी मी फाडून टाकतो, असं ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले की मागच्या दोन खेपांचं आता उकरून काय उपयोग, तो माल तर कापला गेला. पुढच्या महिन्यात तिला मोजणी विभागाचं प्रमुखपद द्यायचं चाललं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दोघांनाही ते माहीत होतं.

"काकांना काय सांगणार मग?" तिने विचारलं.

"सांगू की, नवा चष्मा लागू पडला. खूश होतील."

क्षणभर तिला ते पटलंही. खोटं बोललं नाही, लपवलं नाही, नुसतं पुढे गेलं, असं होऊ शकत होतं. मग तिला तो खिशातला हात आठवला.

"साहेब, त्र्याऐंशी जोड्या त्यांनी स्वतःच्या हाताने कापल्यात," ती म्हणाली. "हात बिघडला म्हणून कापल्या, असं त्यांना वाटतं. ते तसंच वाटू द्यायचं का?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग तुम्हाला योग्य वाटेल तसं लिहा म्हणाले. तिने तिथेच त्यांच्या टेबलावर अर्ध्या पानात लिहून काढलं. चूक कोणती, कधीपासून, कुणाची. खाली सही केली. काचेतल्या कागदावर होती तीच सही.

काका आपल्या टेबलाशी बसले होते. पंचेचाळीसमधल्या बेचाळीसच जोड्या का, म्हणून ते गोंधळून परत परत मोजत होते. शेजारी पत्र्याचा डबा, उजव्या हातात पक्कड. शून्यबाई जवळजवळ धावतच आली आणि तिने पकडीवर हात ठेवला. कारखान्यात तिला धावताना कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आजूबाजूची कामं थांबली.

"काका, कापू नका. चूक माझी आहे."

काकांना आधी कळेचना. त्यांना वाटलं, ही पोर दयेपोटी काहीतरी बोलते आहे. म्हणून ते म्हणाले की बाई, तुम्ही तुमचं काम केलंत, आकड्यावर कुणी रागवतं का. ती त्यांना जवळजवळ ओढतच मोजणीच्या खोलीत घेऊन आली. खुर्चीवर बसवलं. जोडी सरळ लावून दाखवली, उलटून दाखवली. आकडा हलला नाही. काका आकड्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. मग तिने जोडी बाजूला केली, चिमट्यांत तांब्याची तार लावली, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "आता हा लाल चिमटा बोटात धरा. घट्ट नको."

काकांनी डावा हात पुढे केला. "उजवा," ती म्हणाली.

त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि चिमटा धरला. आकडा चढला. दोन, चार, सहा. त्यांनी बोटं काढली, आकडा उतरायला लागला. परत धरला, परत चढला. एकतीस वर्षं दोन धातू सांधून त्यांच्यातून उबेची वीज काढणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. त्यांनी चिमट्यावरचा मुलामा नखाने खरवडून बघितला.

"हासुद्धा सांधाच की," ते म्हणाले. "माझ्या जोडीत तुमची एक जोडी मिसळत होती."

"हो, काका."

"आणि मी रोज घरी बायकोला हात पुढे करून विचारायचो, थरथरतोय का बघ."

तिने माफी मागायला तोंड उघडलं आणि डोळेच भरून आले. काकांनी चिमटा टेबलावर ठेवला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. अखेर त्यांनी विचारलं ते वेगळंच. डब्यातले कापलेले तुकडे अजून तसेच आहेत, त्यांचं माप घेता येईल का.

ते कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं. कापलेल्या तारेला जोड देऊन ती बाळांच्या पेटीत बसवता येत नाही, तो माल भंगारातच जायचा. काकांना हे तिच्याहून चांगलं माहीत होतं. तरी ती हो म्हणाली. साहेबांना कळवलं की दोन दिवस मोजणीची बाकीची कामं थांबतील. साहेबांनी दीर्घ श्वास घेतला आणि थांबू द्या म्हणाले.

तिने कपाटातून जुने तांब्याचे चिमटे काढले, लिंबाने घासून पुसून लख्ख केले. काका डब्यातून एकेक तुकडा काढायचे, वीतभर उरलेल्या तारांना तांब्याची लांब तार पिळून जोडायचे आणि तिच्या हाती द्यायचे. ती बुडवायची, पाच मिनिटं थांबायची, आकडा मोठ्याने वाचायची, तारा उलटायची, परत थांबायची, परत वाचायची. थांबायच्या वेळात काका एकेकीची ओळख सांगायला लागले. ही नव्या नळावरची पहिली. ही केली त्या दिवशी डोळ्यांत पाणी येत होतं, नंबर चुकला होता चष्म्याचा. ही करताना माझा श्वास दोन मिनिटं बंद होता. आणि आकडा यायचा, अधिक शून्य पूर्णांक तीन, उलट उणे शून्य पूर्णांक तीन. पास. शून्यबाई लिहायची, आणि काका पुढचा तुकडा उचलायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचा उजवा हात एकदाही खिशात गेला नव्हता.

अठ्ठावन्नाव्या जोडीला आकडा थांबला उणे तीन पूर्णांक एकवर. तिने तारा उलटल्या. पाच मिनिटांनी अधिक तीन पूर्णांक एक. ती लिहायची थांबली. इतक्या सगळ्या पासांत एक पास लिहिलं असतं तर जगात कुणाचं काही बिघडणार नव्हतं, तो तुकडा जाणार होता भंगारातच. ती म्हणाली, "ही परत घेऊ या, काका."

परत घेतली. तेच आलं.

काका खुर्चीतून उठून मीटरपाशी आले. वाकून आकडा बघितला. "उलटल्यावर चिन्ह फिरलं?"

"फिरलं."

"मग हे तुमच्या चिमट्याचं नाही. माझं आहे." तुकडा तेलातून काढून त्यांनी उजेडात धरला, सांधा बोटाने चाचपला. "ज्योत जास्त लागली इथे. बघा, काळं पडलंय. लिहा, नापास."

सत्तराव्या जोडीनंतर तशीच आणखी एक निघाली. तीही त्यांनी लिहायला लावली. संध्याकाळी कागद पुरा झाला. एक्क्याऐंशी पास, दोन नापास. नापासाच्या रकान्यापुढे करणाऱ्याची सही लागते. शून्यबाईने तो रकाना तसाच कोरा ठेवून कागद मिटायला घेतला, तेव्हा काकांनी हात पुढे केला.

"आणा इकडे. ही दोन माझी आहेत," ते म्हणाले. "ही दोन माझी असली, तरच ती एक्क्याऐंशी माझी."

त्यांनी उजव्या हाताने सही केली, शेवटच्या अक्षरापर्यंत ओळीवर. मग डबा काखेत मारला आणि आपली चिठ्ठी परत मागायला साहेबांच्या खोलीकडे निघाले.